खाणीची बातमी आणि आपला धंदा : साठ्याचे वर्गीकरण समजून घ्या

वणी, झरी जामणी, मारेगाव या भागातील आमच्या वाचकांना खाण ही नवी गोष्ट नाही. उकणी, निळजई, मुंगोली, घोन्सा, राजूर ही नावे त्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. ट्रकमालक आणि ड्रायव्हर, गॅरेजवाले, वेल्डर, टायरवाले, खानावळ चालवणारे, सुतार, गवंडी, चुनाभट्टीवर काम करणारे अशा आपल्या कितीतरी घरांची चूल कोळसा आणि चुनखडीच्या आधारावर पेटते. म्हणून खाणीची बातमी आली की बाजारात तिची चर्चा होणारच.

परंतु बातमी ऐकून पैसा गुंतवण्याची घाई ही वेगळी बाब आहे. 'अमुक शिवारात इतके कोटी टन साठा सापडला' एवढे वाक्य वर्तमानपत्रात छापून आले की रस्त्यालगतच्या प्लॉटचा भाव चढतो. कोणी इसार देऊन जागा अडवतो, कोणी हप्त्यावर डंपर घेतो, कोणी भाडेकरूंच्या आशेने खोल्या बांधायला काढतो. पुढे दोन वर्षे, पाच वर्षे, कधी दहा वर्षे उलटतात. खाण सुरू होत नाही, हप्ते मात्र महिन्याच्या महिन्याला भरावे लागतात. अशा वेळी माणूस नशिबाला दोष देतो. वास्तविक त्या बातमीतच इशारा छापलेला असतो. आपण टनांचा आकडा वाचतो आणि त्या आकड्याच्या आधी आलेला शब्द वाचायचे विसरतो.

तो शब्द म्हणजे साठ्याचा वर्ग. साठ्याचे वर्गीकरण ही भूगर्भशास्त्रज्ञांची भाषा असली तरी व्यापाऱ्याने ती शिकून घेण्यासारखी आहे. प्रकल्प कितपत पिकला आहे, हे तिच्यावरून कळते. कैरी आणि आंबा यांचा भाव एक नसतो, हे बागवानाला सांगावे लागत नाही. खाणीच्या बाबतीतही तेच आहे.

सागाच्या झाडाचे उदाहरण

आपला जिल्हा सागासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा सुतारकामातला दाखला घेऊ. डोंगरात सागाचे एक झाड उभे आहे. त्याचे फर्निचर बनवून विकण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लागतात. पहिला प्रश्न, झाड खरोखर किती जाड आहे आणि आतून पोकळ तर नाही ना? दुसरा प्रश्न, ते तोडून, ओढून आणून कापण्याची सोय आहे का? तिसरा प्रश्न, ते तोडण्याचा व वाहून नेण्याचा पास मिळेल का, आणि सगळा खर्च वजा जाता चार पैसे उरतील का?

या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर ते झाड कितीही डौलदार असो, दुकानातल्या फळीच्या हिशेबात ते धरता येत नाही. खनिजाचेही असेच आहे. जमिनीखाली खनिज असणे, ते काढता येणे आणि ते काढण्याची परवानगी मिळून परवडणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

सिद्ध, सूचित आणि अनुमानित

कोळशाच्या बातमीत साठ्याचे तीन वर्ग येतात. इंग्रजीत त्यांना प्रूव्ड, इंडिकेटेड आणि इन्फर्ड म्हणतात. मराठीत आपण सिद्ध, सूचित आणि अनुमानित म्हणू. भारतात कोळशाच्या साठ्याची ही प्रमाणित कार्यपद्धती १९५७ सालापासून आहे आणि ती बोअरच्या, म्हणजेच जमिनीत पाडलेल्या छिद्रांच्या, अंतरावर आधारलेली आहे.

जिथे बोअर पाडून कोळशाचा थर प्रत्यक्ष पाहिला, त्या जागेपासून सुमारे २०० मीटरच्या आतला साठा सिद्ध धरतात. २०० मीटरपासून १ किलोमीटरपर्यंतचा साठा सूचित, आणि १ ते २ किलोमीटरपर्यंतचा साठा अनुमानित. म्हणजे अनुमानित साठ्यातला कोळसा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. इकडे थर आहे आणि तिकडेही आहे, तेव्हा मध्येही असावा, असा तो जाणकारांचा अंदाज असतो. अंदाज खोटा असतो असे नाही. मात्र मधल्या भागात थर पातळ झालेला असू शकतो, भेगेमुळे खाली सरकलेला असू शकतो किंवा नाहीसाही झालेला असू शकतो. विहीर खोदणाऱ्यांना हा अनुभव आहे. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागले म्हणून आपल्या विहिरीला लागेलच असे नसते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरवर्षी देशातील कोळशाचा ताळेबंद प्रसिद्ध करते. त्यात महाराष्ट्राच्या नावापुढे बाराशे कोटी टनांहून अधिक साठा दिसतो. त्यातील निम्म्याहून अधिक सिद्ध आहे आणि उरलेला सूचित व अनुमानित. एकूण आकडा मोठा दिसला तरी धंद्याचा हिशेब करताना सिद्ध किती, हेच आधी विचारावे.

आणि सिद्ध साठा तरी सगळा बाहेर येतो का? तोही येत नाही. नदीकाठ, गाव, रेल्वेलाइन आणि मोठा रस्ता यांच्या खालचा कोळसा सोडावा लागतो. आपल्याकडे वर्धा, निर्गुडा आणि पैनगंगा या नद्या आहेतच. भूमिगत खाणीत छत पेलण्यासाठी कोळशाचे खांब ठेवावे लागतात. हे सगळे वजा केल्यावर जो उरतो त्याला काढण्याजोगा साठा म्हणतात. खाणीचे आयुष्य त्यावर ठरते.

तीन अंकांची किल्ली

सिद्ध, सूचित, अनुमानित हे तीन शब्द फक्त पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे माल आहे का याचे, उत्तर देतात. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९७ साली एक चौकट तयार केली. तिला थोडक्यात यू.एन.एफ.सी. म्हणतात. पुढे २००९ आणि २०१९ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भारतानेही ती स्वीकारली आहे. देशाची खनिज यादी ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि २००५ पासूनची राष्ट्रीय खनिज यादी याच पद्धतीने मांडली जाते.

या पद्धतीत प्रत्येक साठ्याला तीन अंकी क्रमांक मिळतो. पहिला अंक 'ई'चा. खाण आर्थिकदृष्ट्या परवडते का, आणि आजच्या व्यापक अर्थाने समाज, पर्यावरण व कायदा तिला वाट देतात का, हे तो सांगतो. दुसरा अंक 'एफ'चा. खाण काढण्याचा तांत्रिक अभ्यास व आराखडा कुठवर आला आहे, हे तो सांगतो. तिसरा अंक 'जी'चा, म्हणजे भूगर्भाच्या माहितीवर किती भरवसा ठेवावा याचा. प्रत्येक ठिकाणी १ हा सर्वांत पक्का, आणि अंक वाढेल तसा कच्चेपणा वाढतो.

म्हणून १११ हा क्रमांक असलेला साठा सर्वांत पक्का होय. माल मोजलेला, आराखडा झालेला, आणि परवडणारा. ३३३ म्हणजे तिन्ही बाबतीत अजून बरेच काम बाकी. ३३४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी. आणि ३३१ दिसला तर काय समजायचे? माल पक्का आहे, पण खाणीचा आराखडा आणि परवडण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खाणीच्या बातमीत बहुधा शेवटचा अंकच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आपले नुकसान होते ते पहिल्या दोन अंकांमुळे.

युरेनियमकडून शिकण्यासारखे

आपल्या जिल्ह्यात युरेनियमची खाण नाही. परंतु हे तीन अंक कसे चालतात, हे युरेनियमच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. म्हणून थोडे तिकडे वळू.

युरेनियमचा शोध घेण्याचे काम अणुऊर्जा विभागाचे परमाणु खनिज संचालनालय करते. त्याची सुरुवात १९४९ सालची आहे. मुख्यालय हैदराबादला असून नागपूरलाही त्याचे प्रादेशिक कार्यालय आहे. युरेनियम काढण्यासाठी सरकारची युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी १९६७ साली स्थापन झाली. तिची पहिली खाण झारखंडातील जादूगोडा येथे आहे. युरेनियमचे साठे जगभर चार पायऱ्यांत मोजतात. खात्रीचा साठा, अनुमानित साठा, भाकित केलेला साठा आणि केवळ संभाव्य साठा. शिवाय एक किलो काढायला किती डॉलर लागतील, यावरूनही त्यांचे गट पाडतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि तिची सहयोगी संस्था दर दोन वर्षांनी असा ताळेबंद छापतात. तिन्ही अंकांचा प्रत्येकी एक दाखला पुढे देतो.

पहिला दाखला मेघालयातला, 'ई' या अंकाचा. खासी टेकड्यांत डोमियासियात येथे १९८४ साली युरेनियमचा मोठा साठा सापडला. बोअर पाडले गेले, साठा पक्का झाला. २००७ मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरीही मिळाली. २००९ मध्ये राज्य सरकारने ४२२ हेक्टर जमीन ३० वर्षांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचे ठरवले. परंतु स्थानिक खासी समाजाचा आणि विद्यार्थी संघटनेचा विरोध कायम राहिला. जमिनीच्या मालकांपैकी एका वृद्ध महिलेने देऊ केलेला मोठा मोबदलाही नाकारला. शेवटी २०१६ मध्ये राज्य सरकारने तो निर्णय मागे घेतला. साठा आजही जमिनीखाली आहे. चाळीस वर्षांत तिथे खाण झाली नाही.

येथे एक ताजी गोष्ट नोंदवली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अणुखनिजांच्या खाणींना पर्यावरण मंजुरीसाठीच्या जनसुनावणीतून सूट दिली. कागदावरची एक पायरी त्यामुळे कमी झाली. जमीनमालकाची आणि गावाची संमती मात्र सुनावणी वगळल्याने आपोआप मिळत नाही, हे डोमियासियातने आधीच दाखवून दिले आहे.

दुसरा दाखला आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्याचा, 'एफ' या अंकाचा. तुम्मलपल्ले येथील युरेनियम बराच काळ माहीत होते, पण ते चुनखडीच्या जातीच्या खडकात होते. जादूगोड्याला दगड दळून आम्लाने युरेनियम विरघळवतात. तुम्मलपल्लेच्या दगडावर आम्ल टाकले तर ते आधी चुनखडीच खाऊन टाकते आणि खर्च परवडत नाही. राजूरच्या चुनाभट्टीवाल्यांना ही गोष्ट चटकन कळेल. अखेर आम्लाऐवजी अल्कली वापरून, उष्णता आणि दाब देऊन युरेनियम सोडवण्याची पद्धत तयार झाली. २०१२ मध्ये तिथला कारखाना सुरू झाला. दगड तोच होता, युरेनियम तेवढेच होते. पद्धत सापडली तेव्हा साठ्याचा दर्जा वाढला.

तिसरा दाखला परदेशातला, आणि तो 'जी' पक्का असूनही लागणाऱ्या काळाचा. कॅनडातील सिगार लेक येथील खनिज जगातील अत्यंत समृद्ध खनिजांपैकी एक होय. जादूगोड्याच्या एका टन दगडात अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास युरेनियम मिळते. सिगार लेकच्या एका टनात ते शंभर किलोहून अधिक असते. इतका समृद्ध साठा १९८१ साली सापडला. खाणीचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले, २००६ मध्ये खाणीत पाणी शिरले आणि उत्पादन निघाले ते २०१४ मध्ये. शोधापासून मालापर्यंत ३३ वर्षे गेली.

कोणाच्या मुलाने शोधाची बातमी ऐकून तिथे गॅरेज टाकले असते, तर माल निघेपर्यंत तो म्हातारपणाच्या उंबरठ्यावर आला असता.

आपल्या जिल्ह्यातील दोन दाखले

आता घरी परत येऊ. झरी जामणी तालुक्यातील मार्की-मांगली हे कोळसा खंड आमच्या वाचकांना ठाऊक आहेत. १९९३ नंतर सरकारने खासगी कंपन्यांना जे कोळसा खंड वाटले, त्यांत हेही होते. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटपाची पद्धत बेकायदा ठरवली आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी देशातील २१८ पैकी २०४ खंडांचे वाटप रद्द केले. ज्या खाणी चालू होत्या त्यांना ३१ मार्च २०१५ पर्यंतची मुदत मिळाली. त्यानंतर लिलावाची नवी पद्धत आली आणि मार्की-मांगलीचे खंडही लिलावात आले.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, २४ सप्टेंबरला जमिनीखालचा कोळसा एका टोपलीनेही कमी झाला नव्हता. सिद्ध साठा सिद्धच होता. बदलला तो हक्क, म्हणजेच 'ई'चा अंक. एका निकालाने कायद्याचा आधार गेला आणि साठा दोन पायऱ्या खाली आला. या खाणींच्या भरवशावर ज्याने वाहन, दुकान किंवा खोल्या घेतल्या असतील, त्याने भूगर्भाचा अंदाज चुकवला नव्हता. ज्या कागदावर खाण उभी होती तो कागद त्याने तपासला नव्हता, आणि तो तपासायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

दुसरा दाखला मुकुटबनचा. तिथली चुनखडी आणि तिच्यावरचा सिमेंट प्रकल्प ही जुनी चर्चा आहे. रिलायन्स सिमेंट कंपनीने हा प्रकल्प योजला होता. २०१६ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनने ती कंपनीच विकत घेतली. वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला तो २०२२ मध्ये. येथे शेवट गोड झाला. परंतु मधल्या काळात मालक बदलला आणि वर्षे गेली. ज्याच्याजवळ वाट पाहण्याची ताकद होती तो टिकला. हप्त्यांच्या ओझ्याखाली असलेल्याला मधेच विकून मोकळे होण्यावाचून गत्यंतर नसते, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

लिलाव झाला म्हणजे खाण आली का?

अलीकडे हा गैरसमज फार वाढला आहे. पूर्वी लिलाव म्हणजे शोध पूर्ण झालेला असे मानायला जागा होती. आता तसे नाही. चुनखडीसारख्या खनिजांच्या बाबतीत २०२१ मध्ये नियम बदलले, आणि 'जी-४' म्हणजे केवळ प्राथमिक पाहणीच्या टप्प्यावरही शोध व खाणपट्टा यांचा एकत्रित परवाना लिलावात देता येऊ लागला. कोळशाच्या बाबतीत २०२० पासून व्यापारी खाणकामासाठी लिलाव सुरू झाले, आणि त्यांत अर्धवट शोध झालेले खंडही असतात. लिलाव घेणाऱ्या कंपनीला त्यानंतर स्वतःच बोअर पाडावे लागतात. तेव्हा लिलावाची बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारावा : शोध पूर्ण की अर्धवट?

लिलावानंतरही खाणीचा आराखडा मंजूर व्हावा लागतो. पर्यावरण मंजुरी लागते, आणि जंगलाची जमीन असेल तर वनविभागाची वेगळी मंजुरी लागते. जमीन ताब्यात यावी लागते, खाणपट्ट्याचा करार व्हावा लागतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मिळावी लागते. यातली एकही पायरी अडली तर वरच्या सगळ्या पायऱ्या थांबतात.

कोणत्या पायरीवर कोणता पैसा

आमच्या मते व्यापाऱ्याने आणि कारागिराने आपली गुंतवणूक प्रकल्पाच्या पायरीप्रमाणे वाढवावी. ढोबळ हिशेब असा :

१. पाहणी आणि बोअरिंग. या काळात बाहेरून येणाऱ्या पथकाला जीप, राहण्याची जागा, जेवण, पाण्याचा टँकर आणि थोडीफार दुरुस्ती लागते. हे काम हातातल्या साधनांवर करावे व रोख घ्यावे. नवे काही विकत घेऊ नये. पथक काही महिन्यांत निघून जाते.

२. शोध अहवाल आणि लिलाव. या वेळी बातम्या सर्वांत मोठ्या असतात आणि प्रत्यक्ष काम सर्वांत कमी. जमिनीचा भाव याच वेळी चढतो. इसार देण्यापूर्वी ती जागा खाणीच्या हद्दीत तर येत नाही ना, आणि अकृषक आहे का, हे पाहावे. हद्दीतली जागा दुकानासाठी घेणे म्हणजे संपादनाच्या रांगेत उभे राहणे होय.

३. आराखडा, मंजुरी आणि जमीन. कुंपण, मोजणी, रस्ता, कार्यालयाचे बांधकाम असे काम निघू लागते. गवंडी, सुतार, वेल्डर आणि वीटभट्टीवाले यांची संधी इथून सुरू होते. मात्र काम लेखी आदेशावर घ्यावे आणि उधारीची मर्यादा आधीच ठरवावी. पोटकंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर माल टाकून बसलेले कित्येकजण आपण पाहतो.

४. मातीचा थर काढणे. उघड्या खाणीत कोळशापूर्वी वरची माती व दगड काढावा लागतो. डंपर, पोकलेन, टायर, वेल्डिंग, लेथ यांना इथे जोराचे काम मिळते. वाहन घ्यायचे असेल तर या टप्प्यावर विचार करावा, आणि कंत्राटाची मुदत हप्त्यांच्या मुदतीपेक्षा कमी नाही ना, हे ताडून पाहावे.

५. नियमित उत्पादन. पक्के दुकान, खानावळ, सुट्या भागांचा साठा, राहण्याच्या खोल्या यांसाठी हीच योग्य वेळ. उत्पादन सुरू झाल्यावर स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडेही निधी जमा होतो. लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांसाठी हे प्रमाण स्वामित्वधनाच्या १० टक्के, तर जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी ३० टक्के आहे. या निधीतून शाळा, पाणी, दवाखाने यांची कामे निघतात. म्हणजे बाके, खिडक्या, शेड अशी कारागिरांची कामेही निघतात. परंतु माल निघाल्यावरच हा निधी येतो. साठा सापडल्याने त्यात एक रुपयाही जमा होत नाही.

भागीदारीत पैसा घालणाऱ्यांसाठी एक सूचना. करारातच लिहून घ्यावे की कोणत्या टप्प्यावर किती रक्कम द्यायची, आणि ठरलेल्या मुदतीत तो टप्पा आला नाही तर उरलेली रक्कम देण्याचे बंधन राहणार नाही. भावाभावांत आणि मित्रांत लिहून घेणे अवघड वाटते. नुकसान झाल्यावर तोंडी शब्दांचा अर्थ लावणे त्याहून अवघड जाते.

चालू खाणीचेही वय विचारा

वर्गीकरणाचा उपयोग नव्या खाणीपुरताच नाही. ज्यांचे दुकान चालू खाणीच्या फाटकासमोर आहे, त्यांनीही हिशेब करावा. समजा, एका खाणीचा काढण्याजोगा साठा २ कोटी टन उरला आहे आणि ती वर्षाला २० लाख टन कोळसा काढते. म्हणजे तिचे आयुष्य १० वर्षे. तिथे १५ वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून इमारत बांधणे शहाणपणाचे नाही. शेजारच्या खंडात ५ कोटी टन 'अनुमानित' साठा आहे, हे ऐकून हा हिशेब बदलू नये. तो साठा सिद्ध होईल, आराखड्यात येईल आणि मंजूर होईल, तेव्हा बदलावा.

खाण संपताना धंदा एका दिवसात बंद होत नाही. आधी ओव्हरटाइम कमी होतो, मग कंत्राटे लहान होतात, मग कामगारांच्या बदल्या होतात. ज्याने वय आधी मोजलेले असते तो वेळेवर गिऱ्हाईक बदलतो. गॅरेजवाला शेतीच्या ट्रॅक्टरकडे वळतो, वेल्डर जिनिंगच्या आणि शेडच्या कामाकडे.

चौकशी कुठे करावी

पुष्कळ माहिती सरकारी दप्तरांत खुली असते. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याचे कार्यालय यवतमाळला आहे, आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपूरला. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही नागपूरलाच आहे. पर्यावरण मंजुरीचे अर्ज व त्यांची स्थिती केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर पाहता येते. घरातील शिकलेल्या मुला-मुलींना हे काम सांगावे. त्या अर्जातच साठा किती, दरवर्षी किती काढणार आणि खाण किती वर्षे चालणार, हे लिहिलेले असते.

कोळसा आणि चुनखडीच्या मोठ्या खाणींसाठी जनसुनावणी होते. तिची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आणि तिच्यात प्रकल्पाचा सारांश मराठीतही मिळतो. आपले व्यापारी अशा सुनावणीला फारसे दिसत नाहीत, असे आम्हाला वाटते. तिथे जायला हवे. एक तर माहिती थेट मिळते. दुसरे म्हणजे, गावकऱ्यांचा विरोध किती आणि कशासाठी आहे, हे कानांनी ऐकता येते. 'ई'चा अंक कोणत्या बाजूला झुकतो आहे, हे त्या मंडपात जितके कळते तितके कोणत्याही अहवालात कळत नाही. ज्यांची शेते जाणार आहेत ते आपले गिऱ्हाईक व शेजारी आहेत. त्यांचे दुःख समजून घेतल्याशिवाय तिथे धंदा मांडणे बरोबर नाही आणि ते टिकाऊही होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खाणीची बातमी वाचाल, तेव्हा टनांच्या आकड्यावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारा. माल पाहिला आहे की अंदाज आहे? काढण्याचा आराखडा झाला आहे का? परवानगी, जमीन आणि परवडणे, या तिन्हींची तजवीज झाली आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर हिमतीने उतरा. एक जरी उत्तर अडखळले तर आहे तो धंदा सांभाळत वाट पाहा. खाण वीस-पंचवीस वर्षे चालणारी असेल तर एक-दोन वर्षे उशिरा गेल्याने फार बिघडत नाही. दहा वर्षे आधी गेलेला मात्र अनेकदा खाण सुरू होण्याच्या दिवशी तिथे उरलेलाच नसतो.